पिवळी केलेली ओळ

टॅबलेट मी कुणाला न विचारता शिकलो, असं इस्लामपूरभर सांगत फिरायचो. आता फिरत नाही.

वडूजच्या आक्का आमचं जुनं गिऱ्हाईक. लेकीच्या लग्नाचा बस्ता आमच्याच दुकानात बांधणार होत्या. त्यांनी आधी साड्यांचे फोटो मागितले. सुरतेच्या व्यापाऱ्यानं मला पाठवलेल्या साडीच्या फोटोचाच मी स्क्रीनशॉट काढला. खाली त्याची ओळ होती, ‘दोन वर्षं पडून आहे, कुणाच्या तरी गळ्यात मारा.’ ती झाकायला एडिटमधला सगळ्यात जाड पेन फिरवला. डोळ्याला चष्मा नव्हता. मला अक्षरं दिसेनात, म्हणजे झाकली असं धरून पाठवून दिलं.

लगेच आक्कांचा फोन. "आवं शेठ, पिवळी केल्याली ओळच वाचायची, का वरची साडी बी बघायची?"

जाड पेन हायलायटर निघाला होता. बस्ता गेलाच, असं मी समजलो.

"आक्का, चुकलं माझं."

"चुकलं कुठं? नवरीला नको, पण आहेराला लय बेस हाय. दहा ठेवा."

लग्नात आक्कांनी माझ्या बायकोची ओटी भरली, तीच साडी हातात दिली आणि म्हणाल्या, "वैनी, शेठनी सोता खूण करून पाठवली हुती ही."