अवसचा कावळा

महादेव : नीट बघ तरी, उपासना. नुसतं उलटंपालटं काय करतीस? आमच्या 'अवस' बँडची पयली कॅसेट हाय ती, आता मोठ्या काळ्या तबकडीवर. खरखर सगळी काढलीया. तुझ्या अण्णाचा आवाज शेजारी बसून गायल्यागत येतोय.

उपासना : कव्हरवर कावळा कुणी घातला, महादेवकाका?

महादेव : म्याच. गॉथ रॉक हाय गं आमचं. अंधार, मसण, कावळा, असलंच लागतंय त्येला. तबकडी काढणारी पुण्याची पोरं म्हणाली, लई भारी.

उपासना : कावळ्यासमोर पानावर काय आहे?

महादेव : पिंड.

उपासना : कुणाचा?

महादेव : यशपालचाच की, तुझ्या अण्णाचा. दुसऱ्या कुणाचा असंल?

उपासना : शी!

महादेव : शी काय म्हणतीस?

उपासना : आम्ही बौद्ध आहोत, काका. अण्णांनी आजोबांचासुद्धा पिंड ठेवला नाही. भाऊबंद नाही नाही ते बोलले, तरी नाही. एवढी वर्षं एकत्र वाजवलंत, तुम्हाला ठाऊक नव्हतं?

महादेव : ठाव हाय म्हणूनच केलं. तुमच्यात न्हाय करत, मग माझ्या दोस्ताला घास कोण घालणार? दहाव्याला माझ्या येळ्ळूरच्या शेतात ठेवला. कावळा शिवंना. डोक्यावर ऊन आलं. शेवटी हात जोडलं, म्हणलो, "यशपाल, आपली कॅसेट परत काढतो, जा आता." झपकन आला बघ! तवा मोबाईलवर घेतला ह्यो फोटो.

उपासना : हात जोडले, आणि तेच हात लगेच मोबाईलला.

महादेव : इच्छा पुरी झाली त्येची. दाखवायचं न्हाय व्हय?

उपासना : भूक लागली होती कावळ्याला. आणि आता लोक गाणं ऐकत हे कव्हर हातात धरणार. काय दिसणार त्यांना? भाताच्या गोळ्यात जीव अडकलेला माणूस. ज्या गोष्टीतून अण्णा सुटले, तिथंच नेऊन बसवलंत त्यांना.

महादेव : मायेनं केलं गं, पोरी.

उपासना : तेच तर. वाईटपणानं केलं असतं तर तुम्हाला हाकलून दिलं असतं.

महादेव : उद्या खोकी निघणार हाईत. छापून झालंय सगळं.

उपासना : मग अण्णांचा आवाज काढा आणि पाठवा. मूळ टेप मी दिली होती, ती परत द्या.

महादेव : आवाज काढल्यावर ऱ्हायलं काय? माझं गिटार?

उपासना : ते तुम्ही बघा.

(महादेव तबकडी कव्हरातून बाहेर काढतो, कव्हर बाजूला ठेवतो.)

महादेव : बरं. कव्हरं फाडतो. नुसत्या काळ्या कागदात घालून धाडतो. कावळा न्हाय, पिंड न्हाय. झालं?

उपासना : सगळी फाडा. एकही ठेवू नका. आठवण म्हणूनसुद्धा नको.

महादेव : व्हय. सगळी.

उपासना : आणखी एक विचारते. विहारात अण्णांच्या पुण्यानुमोदनाला आला होतात ना?

महादेव : आलतो की. फुलं वाहिली फोटोला.

उपासना : जेवला नाहीत.

महादेव : ते... गडबड हुती जरा. आन् पंगतीत वळखीचं कोण न्हवतं.

उपासना : मी होते.

महादेव : हुतीस की.

उपासना : आईनं तुमचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. दिवेलागणीपर्यंत कुणाला उचलू दिलं नाही तिनं.