परत मिळालेली बंदूक

निवडणूक आटोपली होती. पिकाच्या राखणीसाठी परवाना असलेल्या बंदुका मतदानाआधी ठाण्यात जमा होतात. त्या आता परत मिळत होत्या. रांगेत मोबाइल बघणारा एक तरणा शेतकरी होता. शेजारच्या बाकावर एक म्हातारा बसला होता, मांडीवर डबा घेऊन.

"लटारूभाऊ, आयकलं का? विमानाच्या पायलटले बंदूक द्यावी म्हणते."

"कायले?"

"कोणी विमान पळवाले आला, त गोळी घालाले."

"त्याच्या खोलीत कोणी बी घुसते का?"

"नाई. दरवाजा मजबूत, आतून बंद."

"आत किती जन?"

"दोघंच."

"बाहेरचा घुसतच नाई, त मंग बंदूक कोनासाठी?"

"तुमी बी ना भाऊ! जवळ असली त धीर राह्यते. आपुन मचानावर नेतो, तसंच. रानडुक्कर येवो का नाई येवो."

"हो. धीर राह्यते."

"सोमवारी तुमी माह्या पुढं होते. माहा कागद कमी पडला, तुमाले भेटली ना?"

"भेटली. त्याच सांजेले माहे दोघं पोरं बंदूक घेऊन मचानावर गेले."

"मंग आज इथी काऊन बसले?"

"डुक्कर आलंच नाई, विक्की. आधी कोणी झोपाचं, यावरून दोघाईचं वाजलं."

"मंग?"

"लहान्याले बुधवारी जाळलं. मोठा इथीच आहे, आतमधी. त्याचा डबा आनला."

"भाऊ..."

"जाय, पुढं सरक. तुहा नंबर आला."