धुतलेलं घर

काकू : घाबरू नका, भुंकणारे सगळे जाळीपलीकडे आहेत. बाळाला घेऊन उभ्या कशाला? बसा त्या खुर्चीत. काय म्हणालात नाव या कुत्र्याचं?

बाळाची आई : मुकादम.

काकू : अगं बाई! मुकादम?

बाळाची आई : घरात कोणी काम करत असलं की समोर बसून बघत राहतो. स्वतः इकडची काडी तिकडे करत नाही. नवऱ्यानं ठेवलंय नाव. कुत्राही त्याचाच. मला यातलं फारसं कळत नाही.

काकू : सुट्ट्या लागल्या की आमचं कुत्र्यांचं पाळणाघर तुडुंब. अकरा आहेत सध्या, पण मुकादम एकही नाही. खातो काय हा?

बाळाची आई : हल्ली काहीच नाही. पंधरा दिवस झाले, वाटीला तोंड लावतो आणि बाजूला होतो. घरभर हुंगत हिंडतो. कपाटापाशी, पलंगाखाली, बाळाच्या पाळण्यापाशीसुद्धा. परवा तिथे उभा राहून असा काही कण्हला, की मी बाळाला उचलूनच घेतलं.

काकू : गुरगुरलाय कधी बाळावर? दात दाखवले?

बाळाची आई : नाही. पण पेपरात काय काय येतं, वाचतेच ना मी.

काकू : डॉक्टरांना दाखवलंत?

बाळाची आई : दाखवलं. ठणठणीत आहे म्हणाले. पानगळीत उंदरांचं औषध ठेवतात लोक, ओल्या पाल्यात विषारी छत्र्या उगवतात, तसलं काही पोटात गेलंय का विचारलं. कुठून जाणार? मी दारातला पाला सकाळ-संध्याकाळ झाडते. एक पान राहू देत नाही.

काकू : ते याच्या चकचकीत अंगावरून दिसतंच आहे. बरं, न्यायला कधी येणार?

बाळाची आई : सुट्ट्या संपल्या की.

काकू : तारीख?

बाळाची आई : ते... फोन करून कळवते.

काकू : जाताय कुठे?

बाळाची आई : माहेरी.

काकू : बाई, रागावू नका. दरवर्षी या दिवसांत ‘फोन करून कळवते’वाले दोन-तीन येतात. मग त्यांचा फोन लागत नाही. तो तपकिरी दिसतोय ना, मागच्या वर्षीचा आहे. रस्त्यावर गाडी थांबली की अजून फाटकाशी धावतो.

बाळाची आई : बघू नकोस ना माझ्याकडे असा, मुकादम.

काकू : खरंच माहेरी चाललात?

बाळाची आई : नाही. भाऊ-वहिनी फिरायला चाललेत, आईलाही नेतायत. मी घरीच आहे. नवरा बोटीवर. पानं गळायला लागली की येतो म्हणाला होता, आता म्हणतो सुट्ट्यांनंतर बघू. हा जागतो म्हणून बाळ जागतं, बाळ जागतं म्हणून मी. दोघांना एकटीनं कसं सांभाळू? एकाला तरी कुणीतरी घ्या, असं झालंय.

काकू : हं. आणि ते एक कोण, हे तुम्ही ठरवलंत. बरं, घरातला कपडा आणायला सांगितला होता फोनवर. आणलात?

बाळाची आई : हो. हे अंथरूण, ही चादर आणि नवऱ्याचा जुना स्वेटर. यावरच झोपायचा हा. सगळं स्वच्छ आहे हां, उकळत्या पाण्यातून दोनदा काढलंय.

काकू : कधी?

बाळाची आई : बाळाला सर्दी झाली तेव्हा. घरातलं एकूण एक धुतलं मी. पडदे, अभ्रे, कपाटातले नवऱ्याचे कपडेसुद्धा.

काकू : किती दिवस झाले त्याला?

बाळाची आई : झाले असतील पंध... अरे देवा.

काकू : अगं पोरी, मालक याच्या डोळ्यांपुढून गेला होता, नाकापुढून नव्हता गेला. घरातच होता तो. तू एका दुपारीत धुऊन टाकलास.

बाळाची आई : मलापण वाटत होतं, घर एकदम रिकामं का झालंय. म्हटलं, साबण बदलला म्हणून असेल.

काकू : रडू नकोस, बाळ उठेल. तुझ्या अंगातला स्वेटर काढ बघू.

बाळाची आई : हा? शी, घाण आहे हो! खांद्यावर बाळानं दूध काढलंय. चार दिवस धुवायला हात मोकळा झाला नाही.

काकू : देवच पावला म्हणायचा. टाक खाली.

(मुकादम स्वेटर हुंगतो, दोनदा गोल फिरतो आणि त्यावर अंग टाकतो.)

बाळाची आई : माझ्या स्वेटरवर कसा काय? कुत्रा तर त्याचा आहे ना!

काकू : हे याला कोणी सांगितलंय का?

बाळाची आई : डोळे मिटले, काकू. झोपला.

काकू : झोपू दे. आता तू सांग. जाळीपलीकडे जागा आहे माझ्याकडे.

बाळाची आई : इथेही असाच हिंडेल?

काकू : हिंडेल.

बाळाची आई : मग नेते. पण खोटं कशाला बोलू, भीती जात नाही माझी.

काकू : नको जाऊ दे. भिणारी माणसं नीट सांभाळतात. बाळ आणि हा, दोघंच एका खोलीत कधी ठेवायचे नाहीत, कितीही गरीब असला तरी. तू मध्ये हवीस. बाहेरून आला की पाय पुसायचे, बोटांमधलं ओलंसुद्धा. चॉकलेट, मनुका वरच्या फळीवर. कुठे फटाके वाजले तर खिडक्या लाव आणि रेडिओ मोठा कर. आणि पाहुणे आले की गोंधळ नको, याला आतल्या खोलीत ठेवून दार लावून घ्यायचं.

बाळाची आई : पाहुणे कोणी येणार नाहीत, काकू.

काकू : बरं. मग आतलं दार उघडंच ठेव.