संशयाचा फायदा

...आन वर मलाच इचारत्यात, "सुटला न्हवं हौशीराम? मंग झालं तर!" झालं? काय झालं? तुमाला सांगतो, आमच्या आंबी गावचा हौशीराम म्हंजी खंडाळ्याच्या एका बंगल्यावरचा माळी, घोरावाडी ठेसनावरनं सकाळची लोकल पकडून एकवीस वर्सं गेला, गुलाबाला पानी घातलं, मालकाच्या कुत्र्याला आंगुळ घातली, आन एक दिस मालकाच्या देवघरातली चांदीची समई गेली! बंगल्यात पाव्हनं किती? चौदा! माळी किती? एक! मंग धरलं कुनाला?... बराबर! तुमी बी पोलिसात भरती व्हा!

समई काय घावली न्हाई, पर खटला चालला नऊ वर्सं! साक्षीदार आला तर वकील न्हाई, दोघं आलं तर जज्जसाहेब रजेवर... शालूबाई, त्याची बायको, दर तारखेला धुतलेला सदरा काढून द्यायची. "मळक्या कापडात चोरावानी दिसाल," म्हनायची. गेल्या श्रावणात गेली ती. जाताना काय इचारलं? "निकाल लागला का वो?" एवढंच.

लागला की, चार म्हैन्यांनी! त्याच्या वकील रजनीबाई आमच्यासंगट हासत कोर्टाबाहेर आल्या, "हौशीराम, पेढे आणा! संशयाचा फायदा देऊन तुम्हाला निर्दोष सोडलंय!"

गडी हासंना का रडंना. "बाई, फायदा कसला? म्या चोरी केली न्हाई, एवढंच लिवा की!"

"अहो, आरोप सिद्ध झाला नाही, म्हणजे तुम्ही निर्दोषच."

"मंग संशय कुटं गेला?"

"तो... तो जात नसतो हो, पण तुमच्या बाजूनं झाला ना!"

"मंग अपील करा."

"जिंकलेल्या खटल्याचं? सुटलात ना? मग झालं तर!"

बघा! वकीलबाई बी तेच! तेवढ्यात मालक, गोपाळकृष्णसाहेब, जवळ आले. पाठीवर हात ठेवला, "हौशीराम, मनात काही ठेवू नकोस हं"... आन दुसऱ्या हातानं खिशातला मोबाईल चाचपला! हौशीरामनं बघितलं. म्या बी बघितलं.

घरी आल्यावर निकालाचा कागद शालूबाईच्या फोटूम्होरं धरला, पर डोळं भरलेलं, अक्षर दिसंना. मला म्हनला, "तू वाच, तिला ऐकू दे." म्या वाचला. संशयाची ओळ तेवढी गाळली. खोटं वाचलं हो, मेलेल्या मानसाम्होरं!... काय करनार?

निकालानंतर गावात पयलं लगीन झालं ते नथूच्या पोरीचं, कोमलचं. पूर्वी गावात लगीन निघालं की तूप, साखर, समदा शिधा हौशीरामच्या ताब्यात, कोठीची किल्ली त्याच्या कमरंला. नऊ वर्सं कुनी हाक मारली नव्हती. औंदा नथू सोता दारात आला, "हौशीभाऊ, कोठीवर तुमीच बसायचं!" गडी लय हरखला! नवी टोपी घातली, मांडव घालायच्या आदी जाऊन बसला. बघतो तर शेजारी आनखी एक खुर्ची, तिच्यावर नथूचा मेव्हना पप्पू.

"तू रं हितं कसा?"

"काय न्हाई भाऊ... सोबतीला."

हौशीरामनं खुर्ची जरा सरकवून घेतली. आता गावात कुनाचंबी लगीन असू द्या, कोठीवर दोघं असत्यात. हौशीराम कोठी राखतो... आन पप्पू हौशीरामला.