निघाल्याचा दिवस

आम्ही श्रीवर्धनचे. आजोबा गलबतावर तांडेल, एकदा समुद्रावर गेले ते आलेच नाहीत, गलबतही नाही. मी इथं रास अल खैमाला मार्बलच्या कारखान्यात दगडावर अक्षरं कोरतो, आणि काय सांगू तुम्हाला, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. बायको म्हणते, तुम्ही चहासुद्धा वास घेऊन पिता. पितो. परमुलखात असंच राहावं लागतं.

तर एक गोरी बाई आली, अबू धाबीला अल रीम बेटावर राहणारी नर्स, देश लाटविया. म्हणाली, माझ्या आजोबांच्या कबरीचा दगड हवाय, महायुद्धात ते जंगलात लपून जर्मनांशी लढले, पार्टिझन होते, तिथंच मारले गेले. मी म्हटलं, मॅडम, कबर तिकडं तर दगड इकडं कशाला? म्हणाली, आई माझ्याजवळ असते, तिला आता विमान झेपत नाही, तिनं इथं दगडाला हात लावला की तिकडं पाठवीन. बरं. बघतो तर नाव आहे, जन्मतारीख आहे, मरणाच्या तारखेची जागा कोरी. आता मला सांगा, मेलेल्या माणसाला मरणाची तारीख नाही? इथं तर सर्टिफिकेटशिवाय मय्यत हलत नाही. मला वाटलं माणूस जिवंत असणार, जमिनीचं काहीतरी लफडं असणार. हिशेबानं तो शंभरीपार जायला हवा, तरी वाटलं. अरबाब, म्हणजे आमचा मालक, म्हणाला, यल्ला, कोर, पण पोलीस आले तर तू कोरलंय, मी नाही, खलास. म्हणजे व्हिसा जाणार तो माझा, आणि दोन मुली शिकतायत.

मी नाव आणि जन्मतारीख कोरली आणि थांबलो. म्हटलं सर्टिफिकेट आणा, नाहीतर दगड मिळायचा नाही. बाई आईलाच घेऊन आली. म्हातारी व्हीलचेअरवर, डोळ्यांना दिसत नाही. मला वाटलं हेही नाटक. तिनं नावावरून बोटं फिरवली, तारखेवरून फिरवली, पुढं गुळगुळीत दगडावर बोटं नुसती चाचपडत राहिली. लेक म्हणाली, आई विचारते, एवढंच का? ती पोटात होती तेव्हाच ते जंगलात गेले, कुठल्या दिवशी मारलं ते सांगायला कुणी परत आलंच नाही.

मला एकदम दादी आठवली. आजोबांची फातिहा, म्हणजे मेलेल्या माणसासाठीची वर्षाची दुआ, कधी द्यायची ते कुणाला ठाऊक होतं? दादी म्हणाली, तो घरातून निघाला तो दिवस मला माहीत आहे, तोच धरा. आजही आम्ही तोच धरतो. मी विचारलं, हे घरातून निघाले कधी? म्हातारीनं थांबून विचारसुद्धा केला नाही, लगेच सांगितलं, तिची आई दरवर्षी त्या दिवशी मेणबत्ती लावायची. मी मशीन बाजूला ठेवलं, छिन्नी घेतली, ती बसून राहिली आणि मी तिच्यासमोर ती तारीख कोरली, खाली लेकीनं लिहून दिलं तसं त्यांच्या भाषेत, या दिवशी घरातून निघाले. तिनं त्यावर बोट ठेवलं ते उचलेचना. मला रडू आलं, त्यात लाज कसली.

दगड गेला. परवा फोटो आला, बर्फात उभा आहे. मी मोठा करून बघितला, म्हटलं दुसराच लावला असेल. नाही, माझीच छिन्नी आहे. आता आजोबांची फातिहा देताना मी त्या माणसाचंही नाव घेतो, अल्ला दोघांनाही जागा देवो. असं चालतं का, मौलवींना विचारलेलं नाही. नाही म्हणतील अशी मला शंका आहे.