सपनातलो राक्षस

"वायट सपान म्हणजे देवान धाडलेलो इशारो!" कट्टा गावाला जाणाऱ्या एसटीत सुभद्रेनं मैत्रिणीला ठणकावून सांगितलं. "नायतर राती बांगडे जास्त झाले आसतले."

"बांगडे नाय गो! दशावतारातलो राक्षस येता माझ्या सपनात!" तुळसा म्हणाली.

पुढच्या सीटवर गुरुदासनं कान टवकारले. जत्रांतल्या नाटकांत तोच राक्षस व्हायचा; पण 'तुका आता कोण भियत नाय,' म्हणत नाटक कंपनीच्या मालकानं कालच ते काम दुसऱ्याला द्यायची भाषा केली होती.

"खंयचो राक्षस?" सुभद्रेनं विचारलं.

"गेल्या जत्रेत आमच्या देवळात नाचलो तो, गुरुदास."

"तो? तो म्हातारो झालो गो!"

"म्हातारो? तेवापासून रोज फाटी लागता! मी अशी किंचाळतंय, घोव खाटीवरसून पडता!"

गुरुदासला राहवलं नाही. चालत्या गाडीत तो उभा राहिला, डोळे वटारले आणि नाटकातली आरोळी ठोकली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला.

"गो बाय, ह्या सगळा आमच्या मालकाक सांगशीत?" गुरुदास धापा टाकत म्हणाला.

"सांगतंय तर!" तुळसानं हात जोडले. "पण मामानू, आजची रात येव नकात. उद्या पहाटे काजू गोळा करूक जावचा आसा."