चोळीचे तीन कागद

हॅलो?… कोण, मनीषाताई?… अहो, बोला ना… नाही, झोपले कुठली! सकाळपासून दवाखान्याच्या बाकावर होते. आत्ता कुलूप काढून आत पाय टाकला आणि तुमचा फोन.

हो… हो, मिळाला. हातातच आहे रिपोर्ट.

ताई, आधी ते शिलाईचं मशीन थांबवा. काही ऐकू येत नाही… हां. आता ऐका. कॅन्सर नाही… नाही हो, नाही! आपल्या भक्तीला काही नाही… डॉक्टरबाईंनी दोनदा वाचून दाखवलं. मीच म्हटलं, बाई, परत एकदा वाचा. धाग्याच्या कंपनीत चेकिंगला उभी राहून राहून एकदा बघितलेल्यावर माझा विश्वासच बसत नाही.

सांगते, सगळं सांगते… म्हणाल्या, पाठीवरचं लासं जन्माचं आहे, त्याची भीती नाही. चहा सांडून वाळावा तसा फिकट डाग, तेवढाच राहिला असता तर बघायचंही कारण नव्हतं. पण त्या डागाच्या आत जे तीळ उगवत गेले ना, ते नेहमीचे नाहीत. वेगळ्याच जातीचे. दोन काढून तपासले. त्यातला तो मोठा, लालसर… हो, तोच, कडा फाटल्यासारखा… तो वाकडी वाट धरायच्या बेतात होता म्हणे. धरली नव्हती अजून. वेळेत निघाला.

हो… बाकीच्यांवर लक्ष ठेवायचं. दर सहा महिन्यांनी दाखवायचं. मी म्हटलं, सहा महिने कशाला, दर अमावास्येला आणून उभी करते.

… माझी कसली हुशारी, ताई! पहिल्या दिवशी तुमच्यासमोरच विचारलं ना त्यांनी, हे तीळ कधीपासूनचे? आधी किती होते? एखादा फोटो? कुठला फोटो! सोळा वर्षांत त्या पाठीचा एक फोटो नाही काढला आम्ही. झाकायचंच शिकलो. पोर आपली आपण आंघोळ करायला लागली, तेव्हापासून मी आई असून पाठ बघितली नव्हती. आणि तुम्ही पिशवीतून ते तीन कागद काढलेत.

… असं कसं, 'शिंपिणीचे कागद' म्हणून सोडून देता! अहो, दर नवरात्राला भक्तीची गरब्याची चोळी तुमच्याकडे. गरब्याला पाठ उघडी हवी, आणि हिला झाकलेली. म्हणून तुम्ही कागदावर डाग उतरवून घ्यायच्या, वरची पट्टी कुठवर येईल ते बघायला. आणि भरतकामातले आरसे आतून टोचू नयेत, म्हणून उंच आलेल्या तिळापाशी पेन्सिलीचा ठिपका. तिथे अस्तर दुहेरी. पहिल्या वर्षी ठिपका एक, मागच्या वर्षी तीन, औंदा सात… डॉक्टरबाईंनी ते कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले, बघितलंत ना? आज परत म्हणाल्या, असं टिपण मला कुणी आणून देत नाही.

हसा, हसा तुम्ही…

कोण, सासूबाई? नाही, गावी अजून फोन नाही केला. त्यांचं ठरलेलं आहे, 'तू पोटुशी असताना ग्रहणात विळीवर बसलीस.' सोळा वर्षं ऐकतेय. आज डॉक्टरबाईंना विचारलंच मी तोंड वर करून. म्हटलं, बाई, मी ग्रहणात वांगी चिरली होती, त्यानं झालं का हे?… नाही हो, हसल्या नाहीत. माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, दुर्गाबाई, यात तुमची काही चूक नाही… ताई, एवढंच वाक्य. पण छातीवरचं जातं कुणी उचलून खाली ठेवावं तसं झालं. रिक्षात बसल्यावर रडले. रिक्षावाला म्हणतो, क्या हुआ बहेन? म्हटलं, कुछ नहीं हुआ भैया, इसीलिए.

… आहे, तोही आहे अजून, घोड्याचा केस. वरातीच्या घोडेवाल्याकडून मागून आणला होता मी. सासूबाई म्हणाल्या, तिळाला करकचून बांध, आपोआप गळेल. संध्याकाळी बांधणार होते. आणि दुपारीच तुम्ही कागदाची गुंडाळी घेऊन दारात.

ताई, एक बोलायचंय… नाही, ऐकून घ्या ना… अहो, मधे अडवू नका, नाहीतर परत राहून जाईल. औंदा माप घेताना तुम्ही माझ्या कानाशी हळूच म्हणालात, दुर्गा, हे डॉक्टरला दाखव. आणि मी? भर दुकानात कापड ओढून घेतलं. 'मनीषाबेन, तुम्ही शिवण बघा, माझ्या लेकीची कातडी बघू नका. उद्या तिला स्थळं येणार आहेत'… विसरलात? मी नाही विसरले. सगळं गिऱ्हाईक तुम्हाला बेन म्हणतं, मी एकटी ताई म्हणायचे. त्या दिवशी मीही बेन म्हणाले. आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही सामरवरणीला माझ्या खोलीवर. नवरात्र तोंडावर, दुकानात चाळीस चोळ्या अर्धवट… दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, मरू दे.

चुकलं माझं, ताई. आज सांगते, चुकलं.

… बरं, नाही बोलत परत. पण परवा भाकरी थापताना एक ओवी जुळली, ती ऐकावीच लागेल… गाणार नाही, नुसती म्हणते.

शिंपीण माझी सई, कातर चालवी नेमानं,
लेकीचं माझ्या दुखणं, धरलं तिच्या मापानं…

ताई?… आहात ना?… बरं, पुसा डोळे. शिवायच्या कापडाला नका पुसू.

भक्तीचे पप्पा? नाही कळलं अजून. पहिली शिफ्ट आहे, मोबाईल गेटवर जमा. सुटल्यावर सांगेन… भक्तीलाही नाही. आज पेपर होता तिचा, म्हणून मी थाप मारली, रिपोर्ट सोमवारी आहे म्हणून… कशी असणार! आठ दिवस ताटात बघून जेवते, माझ्याकडे बघत नाही. काल विचारते, आई, मी नसले तर माझी सायकल कुणाला देशील?… हो. असंच. मीठ कुठे आहे विचारावं तसं… मी म्हटलं, हवा भरून आण चाकात.

थांबा… जिन्यात चपला वाजल्या. तीच… नका ठेवू, फोन नका ठेवू.

आलीस? कसा गेला पेपर?… राहू दे, सॅक राहू दे. इकडे ये. मनीषामावशी आहे फोनवर… अगं, ऐक ना. रिपोर्ट आला. सकाळीच जाऊन आणला मी… नाही, रागावू नकोस, बघ माझ्याकडे. चांगला आहे. तुला काही नाही झालेलं… खरंच. तुझी शपथ. हे बघ, हे वाच, तुला इंग्रजी येतं ना… अगं… अगं माय माझी, अशी खाली काय बसलीस…

ताई, ऐकू आलं?… हो, तीच रडतेय. आठ दिवसांचं एकदम…

ठेवते हं, ताई. आता दोन्ही हात लागतील मला.